'ट्रान्स्फॉर्मेशन'ला तुमच्या कामात काय म्हणता?

शाईपेन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कोथरूडात घरी बसून भाषांतराची कामं करते. गेल्या आठवड्यात एका कंपनीची चोवीस पानी पुस्तिका आली, कर्मचाऱ्यांना वाटायची. तिच्यात 'ट्रान्स्फॉर्मेशन' हा शब्द सतरा वेळा. मोजला, कारण तिसऱ्या पानापासून दात शिवशिवायला लागले होते. मी संदर्भ बघून कुठे 'परिवर्तन', कुठे 'रूपांतर', एका ठिकाणी 'कायापालट' असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "मॅडम, एकच शब्द ठेवा, वाचणारे गोंधळतात."

आता एकच म्हणजे कुठला? लेक दहावीत आहे. तिच्या मराठीच्या वहीत 'वाक्यरूपांतर', भूगोलात 'रूपांतरित खडक', विज्ञानात बेडकाचं 'रूपांतरण'. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतली डीपी जळाली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'रोहित्र नादुरुस्त' असं छापून आलं. सासरे विचारत होते, हा रोहित्र कोण, रोहितचा मित्र का.

तर विनंती अशी, की तुमच्या कामाच्या ठिकाणी हा शब्द कशासाठी वापरतात आणि तोंडी मराठीत काय म्हणता ते सांगा. कोशातले अर्थ टाकू नका, कोश माझ्याकडेही आहेत.

---

हिंजवडी_फेज_३

पहिला नंबर माझा.

आमच्याकडे दोन अर्थ. एक साधा. एकीकडून डेटा उचलायचा, हवा तसा करायचा, दुसरीकडे ओतायचा, त्यातली मधली पायरी. तारखा सरळ करा, नावातली जागा काढा, रुपयांचे लाख करा. याला आम्ही मराठीत 'ट्रान्स्फॉर्म मारणे' म्हणतो. क्षमस्व.

दुसरा अर्थ टाउनहॉलमधला, म्हणजे कंपनीच्या सगळ्यांच्या सभेतला. मोठे साहेब पडद्यावर येऊन 'आपला ट्रान्स्फॉर्मेशनचा प्रवास' म्हणाले, की सगळे मनातल्या मनात नोटीस पीरियड मोजतात. माझ्या जुन्या कंपनीत अशा एका प्रवासात आमच्या चौदा जणांच्या टीममधले नऊ जण मधल्या स्टेशनावर उतरवले. त्याला मराठी शब्द आहे, पण इथे संपादक मंडळ ठेवणार नाही.

---

भोसरीकर

ताई, आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे आणि त्याला मराठी शब्द तुमच्या-आमच्या आजोबांपासून आहे. 'पाणी देणे'.

भोसरीत हीट ट्रीटमेंटचं शॉप आहे माझं, सव्वीस वर्षं झाली. पोलादाचा जॉब भट्टीत ८२०-८५० डिग्रीला धरला, की आतली लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. तिला ऑस्टेनाइट म्हणतात. ती मांडणी ऐसपैस असते, कार्बन तिच्यात आरामात मावतो. मग जॉब भसकन तेलात बुडवायचा. अणूंना थंडपणाची मांडणी घ्यायची घाई असते, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि सगळी मांडणी ताणून धरतो. ते मार्टेन्साइट. आडोल्फ मार्टेन्स नावाच्या जर्मन माणसावरून नाव पडलं. पुस्तकात याला फेज ट्रान्स्फॉर्मेशन म्हणतात. गंमत अशी, की यात एकही अणू घर सोडून लांब जात नाही. सगळे मिळून शेजारच्या शेजारी जरासे सरकतात, सिनेमाच्या रांगेत सगळ्यांनी एक खुर्ची सरकावं तसे. आणि तेवढ्यानं मऊ लोखंड कानशीला दाद देईनासं होतं. ईएन-३१ जातीच्या पोलादाचा जॉब साठ एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं माप) पुढे जातो.

लोहार कोयत्याला, विळ्याला पाणी देतो ते हेच. त्याच्याकडे डिग्री दाखवणारा काटा नसतो. तो तापल्याचा रंग बघतो. माझे वडील म्हणायचे, उन्हात पाणी द्यायचं नाही, सावलीत द्यायचं. उन्हात रंग कळत नाही.

आणि हो, ट्रान्स्फॉर्मेशन फुकट होत नाही. मार्टेन्साइट जागा जास्त खातं. जॉबचा बाहेरचा भाग आधी थंड होतो, आतला नंतर फुगतो आणि कोपऱ्यात चीर पडते. ऐंशी किलोची एक डाय, म्हणजे साचा, तेलातून बाहेर काढून ट्रेवर ठेवली होती, जेवायला बसलो आणि 'टक्' असा आवाज आला. डबा तसाच राहिला. पार्टीला काय सांगायचं, या विचारात संध्याकाळ झाली. म्हणून पाणी दिल्यावर लगेच टेम्परिंग करायचं, दीडशे-दोनशे डिग्रीला दोन तास. जरा कडकपणा सोडायचा, चिवटपणा घ्यायचा.

---

शाईपेन

भोसरीकर, दंडवत. 'पाणी देणे' पुस्तिकेत घालता आलं असतं तर काय मजा आली असती. "कंपनीने कर्मचाऱ्यांना पाणी दिले."

एक शंका. हे उलटं होतं का?

---

भोसरीकर

होतं ना. परत भट्टीत लाल करून हळूहळू गार केला, की जॉब मऊ. ग्राइंडिंगला पोरानं घाई केली, धार निळी पडली, तरी तेवढ्यापुरतं पाणी उतरतं. द्यायला अर्धा दिवस लागतो, उतरायला अर्धं मिनिट.

---

पेट्रीडिश

आमच्याकडे मात्र उलटं होत नाही, म्हणून लिहायला बसले. पाषाणला एका प्रयोगशाळेत पाच वर्षं काढली आहेत.

जीवशास्त्रात ट्रान्स्फॉर्मेशन म्हणजे जिवाणूने बाहेर पडलेला डीएनए उचलणे आणि त्याप्रमाणे वागायला लागणे. सुरुवात १९२८ ची, फ्रेडरिक ग्रिफिथ. न्यूमोनियाच्या जिवाणूंचे दोन प्रकार, गुळगुळीत आणि खडबडीत. गुळगुळीत टोचले की उंदीर मरतो, खडबडीत टोचले की जगतो. गुळगुळीत उकळून मारून टोचले तरीही जगतो. पण मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत एकत्र टोचले, तर उंदीर मेला. आणि त्या उंदरात सापडले ते जिवंत गुळगुळीत जिवाणू. म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांना काहीतरी दिलं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे डीएनए, हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवलं. तोवर बऱ्याच लोकांचा कल प्रथिनांकडे होता.

आता रोजचं काम सांगते. नळीत जिवाणू, बर्फावर. त्यात आपला डीएनए घालायचा, अर्धा तास बर्फातच. मग ४२ अंशाच्या पाण्यात पंचेचाळीस सेकंद, परत बर्फात. या गरम-गार झटक्यात डीएनए आत शिरतो, तोही अगदी थोड्या जिवाणूंत. बाकीचे कोरडेच. मग सगळे अँपिसिलिन घातलेल्या ताटलीवर पसरायचे. ज्यांनी डीएनए घेतला त्यांच्यात औषधाला तोंड द्यायची सोय असते, ते वाढतात. सकाळी ताटलीवर दहा-वीस पांढरे ठिपके दिसले, की दिवस चांगला.

पहिल्या वर्षी मी ताटल्या ओतताना अँपिसिलिन घालायला विसरले. सकाळी बघते तर ताटलीवर दुधावर यावी तशी अखंड साय. मी आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरले! सीनियर दादा एवढंच म्हणाला, "सगळेच पास झाले म्हणजे परीक्षा झाली नाही."

तोंडी आम्ही 'ट्रान्स्फॉर्मेशन लावलं' म्हणतो. लावलं, दही लावतात तसं.

---

विरजण

दही लावतात ते लावायला मीच आले. :)

मी गृहिणी, सहकारनगर. क्षेत्र स्वयंपाकघर. दुधाचं दही होतं त्याला आम्ही 'लागलं' म्हणतो, तुपाला 'कढलं', पाकाला 'आला'. गुळाच्या पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा. पसरला तर नाही आला, गोळी झाली तर चिक्कीचा आला. प्रत्येक बदलाला वेगळं क्रियापद आहे, नाम कोणालाच लागलं नाही. शाईपेन, तुमच्या कंपनीला नामंच का हवीत?

बेडकाचं काही मला माहीत नाही, पण गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात पक्ष्याची शिट पडल्यासारखी काळी-पांढरी अळी येते. ती मोठी झाली की हिरवीगार होते, पानं फस्त करते, मग एका काडीला स्वतःला दोऱ्याने बांधून घेते. आठ-दहा दिवसांनी फुलपाखरू. पहिल्या वर्षी मी शिट समजून फडक्याने पुसली होती. अजून वाईट वाटतं.

---

पेट्रीडिश

विरजणताई, ते लिंबाचं फुलपाखरू. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून त्याच्यावर अंडी घालतं.

कोषात अळीचं बरंचसं शरीर अक्षरशः विरघळतं आणि नव्याने बांधलं जातं. तरीही सगळं पुसत नाही. २००८ साली अमेरिकेत काहींनी तंबाखूवर जगणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा हलका झटका द्यायला सुरुवात केली. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. मोठ्या वयात शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यातले बरेच तो वास टाळत होते.

---

अवग्रह

चर्चा छान वळणावर आली आहे, म्हणून थोडं जुनं काढतो. मी संस्कृतचा, आता निवृत्त.

दूध आणि दही हेच उदाहरण आपल्या दर्शनांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुधाचं दही झालं तर दूध खरोखरच बदललं. तो 'परिणाम'. सांख्यांचं म्हणणं, सगळं जग प्रकृतीचा असाच परिणाम आहे. अंधारात दोरी साप वाटली तर दोरी बदलली नाही, दिसणं बदललं. तो 'विवर्त'. अद्वैत्यांचं म्हणणं, जग ब्रह्माचा विवर्त आहे. म्हणजे शाईपेनबाई, तुमच्या पुस्तिकेतले सतरा ट्रान्स्फॉर्मेशन दह्यातले किती आणि दोरीतले किती, हे आधी बघा. आजच्या मराठीत मात्र 'परिणाम' म्हणजे नुसता शेवटचा निकाल उरला. 'विकार'चंही तसंच. शास्त्रात विकार म्हणजे साधा बदल, सोन्याचा विकार म्हणजे दागिना. आता म्हणाल तर लोक डॉक्टरचा पत्ता देतात. आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणलं तेव्हा नाव 'विकारविलसित' ठेवलं, तिथे विकार म्हणजे मनाची खळबळ. हा तिसराच.

आता पाणिनी. व्याकरणात एका वर्णाच्या किंवा प्रत्ययाच्या जागी दुसरा येतो, त्याला 'आदेश' म्हणतात, आणि ज्याच्या जागी येतो तो 'स्थानी'. प्रश्न असा, की नव्या माणसाला जुन्याचे हक्क मिळतात का? पाणिनीचं सूत्र आहे, 'स्थानिवदादेशोऽनल्विधौ'. आदेशाला स्थानीसारखंच वागवा, फक्त नियम वर्णावर अवलंबून असेल तर नाही. उदाहरणार्थ 'गत्वा'. मागे 'आ' लागला की 'आगत्य' होतं, 'त्वा' जाऊन 'य' आला. पण 'त्वा'वाला शब्द अव्यय असतो, म्हणून हा 'य'वालाही अव्ययच.

मी वर्गात सांगायचो, बाई रजेवर गेल्या आणि बदली सर आले. हजेरीपट त्यांचा, खडू त्यांचा, कान धरायचा अधिकारही त्यांचा. पण बाईंच्या आवाजात प्रार्थना म्हणा असं त्यांना सांगता येणार नाही. आवाजाची गोष्ट आली की ते ते आणि हे हे.

---

ठिपक्यांची_रांगोळी

अवग्रह सरांचं वाचून अंगावर काटा आला, कारण गणितातही नेमका हाच प्रश्न आहे. मी अकरावी-बारावीचे क्लास घेते, टिळक रोडला.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. चौकोनी, सात बाय सात. काढून झाल्यावर तुम्ही पाठ फिरवलीत आणि मी ती पाटासकट पाव वळसा फिरवली. वळून बघितलंत तर काही कळणार नाही. माझ्या दृष्टीने ट्रान्स्फॉर्मेशन झालं, तुमच्या दृष्टीने काहीच झालं नाही. फेलिक्स क्लाइन नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८७२ मध्ये म्हटलं, की भूमिती म्हणजेच हे. कुठली रूपांतरणं चालतील ते ठरवा, आणि त्यांतून काय टिकतं ते शोधा. नुसतं सरकवणं-फिरवणं चालवलंत तर लांबी टिकते. लहान-मोठं करणंही चालवलंत तर लांबी जाते, कोन टिकतात. तिरकं ताणायचीही मुभा दिलीत तर कोनही गेले, पण सरळ रेष सरळ राहते आणि समांतर रेषा समांतर राहतात.

भौतिकशास्त्रात लॉरेंट्झचं रूपांतरण आहे. पळत्या माणसाची आणि उभ्या माणसाची लांबी, वेळ सगळं वेगळं येतं, प्रकाशाचा वेग तेवढा दोघांना एकच.

पोरांच्या भाषेत सांगायचं तर आम्ही 'फिरवणे', 'सरकवणे', 'ताणणे' म्हणतो. विरजणताईंची क्रियापदं इथेही चालतात.

---

सातबारा_कोरा

आमच्या क्षेत्रात, म्हणजे जमिनीत, शब्द स्वच्छ आहेत. शेतजमीन घरं बांधायला वापरायची असेल तर 'बिनशेती' करायची, तोंडी 'एनए'. आणि भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, वर्ग १ करायची, त्याला अर्जावर 'रूपांतर' असंच लिहितात. यात मातीचा कण हलत नाही. भाव हलतो. अवग्रह सर, हा विवर्तच ना?

माझ्या काकांचं प्रकरण एका कार्यालयात सहा वर्षं चालू आहे. दर खेपेला टेबलामागचा माणूस तेवढा रूपांतरित झालेला असतो, आणि तो मागच्या माणसाचं काहीही मानत नाही. पाणिनीला तिकडे पाठवा.

---

सहा_नंबरची_बस

रोहित्राबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. महावितरणच्या भाषेत ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात. गल्लीतलं रोहित्र ११,००० व्होल्ट घेऊन ४३३ व्होल्ट देतं. आत दोन वेटोळी असतात, पण एकमेकांना तारेने जोडलेली नसतात. मधला व्यवहार फक्त चुंबकत्वाचा. व्होल्टेज कमी, करंट जास्त, शक्ती जवळपास तेवढीच, आणि सेकंदाला पन्नास आवर्तनं इकडेही नि तिकडेही.

'चॅटजीपीटी'तला 'टी' पण ट्रान्सफॉर्मरच. २०१७ मध्ये गूगलच्या लोकांनी मांडलेली रचना आहे. त्याला रोहित्र म्हणू नका, लाइनमन येईल.

---

ऱ्हस्वदीर्घ

वरच्या एका प्रतिसादात मी काहीतरी लिहून पुसलं, आता सभ्य शब्दांत लिहितो.

'परिवर्तन' हा शब्द पुण्यात हलक्या हाताने वापरू नये. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथपासूनच्या सगळ्या कामाला लोक समाजपरिवर्तन म्हणतात. त्याच शब्दाने कंपनीच्या हजेरीच्या ॲपचं वर्णन करू नका.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे झालं ते धम्मचक्र 'प्रवर्तन'. प्रवर्तन म्हणजे चाक फिरतं करणं. दरवर्षी फलकांवर 'परिवर्तन' दिसतं आणि दरवर्षी मी फोन करतो. यंदा एकाने सांगितलं, "काका, फ्लेक्स छापून झालाय, भावना समजून घ्या."

---

हिंजवडी_फेज_३

आमचं हजेरीचं ॲप खरंच आहे आणि त्याचं नाव काय असेल ते ओळखा.

---

नाट्यवेडा

रंगभूमीवर 'रूपांतर' आणि 'भाषांतर' यांत फरक करतात. भाषांतरात पात्रांची नावं परकीच राहतात. रूपांतरात देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. माणूस, पोशाख, गाव सगळं मराठी, मत्सर तेवढा मूळचा.

---

दहावी_ब

मी शाईपेनची मुलगी. आईच्या लॉगिनवरून नाही, माझं वेगळं आहे.

वाक्यरूपांतरात प्रश्न असा असतो, 'अर्थ न बदलता नकारार्थी वाक्य करा.' 'तो हुशार आहे' याचं 'तो मठ्ठ नाही.' मी बाईंना विचारलं, मठ्ठ नाही म्हणजे हुशारच कशावरून? मधलेही असतात. बाई म्हणाल्या, गुण हवेत ना?

---

अवग्रह

बाळ, तुझं बरोबर आहे. नोम चॉम्स्कीने १९५७ साली वाक्यांच्या रूपांतरणांवर व्याकरण उभं केलं, आणि त्यानंतर अर्थ टिकतो की नाही यावर पंडित भांडत बसले. 'प्रत्येक जण दोन भाषा जाणतो' आणि 'दोन भाषा प्रत्येकाकडून जाणल्या जातात', या दोन वाक्यांत भाषा त्याच दोन की ज्याच्या-त्याच्या, असा तो वाद. तू विचारत राहा. परीक्षेत मात्र मठ्ठ नाही असंच लिही.

---

शाईपेन

मंडळी, काम गेलं. म्हणजे पोचलं.

तुमचे प्रतिसाद वाचून मी एक केलं. सतराही वाक्यांच्या पुढे पेन्सिलीने तीन रकाने आखले. काय बदललं, काय तसंच राहिलं, परत फिरता येतं का. मग कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि एकेक वाक्य विचारलं. बिचारा भला माणूस होता. चार ठिकाणी कागदाचं काम संगणकावर आलं होतं, तिथे 'रूपांतर' लिहिलं. दोन ठिकाणी माणसं नवीन काम शिकली होती, तिथे विरजणताईंचं ऐकून नाम काढून टाकलं आणि सरळ 'शिकली' लिहिलं. उरलेल्या अकरांत तिन्ही रकाने रिकामे. तो म्हणाला, "मॅडम, तिथे तसं काही झालेलं नाही, ते साहेबांनी बोललेलं आहे." तिथे 'बदल' लिहिलं. 'परिवर्तन' कुठेही नाही, ऱ्हस्वदीर्घकाका, निवांत झोपा. 'एकच शब्द' हा आग्रह त्याने आपणहून सोडला.

भोसरीकर, माझी विळी दहा वर्षांत धार धरत नाहीये. तुमच्याकडे पाणी देऊन मिळेल का?

---

भोसरीकर

घेऊन या ताई. आधी कानस लावून बघतो, पाणी उतरलंय की नुसती धार गेलीय. बऱ्याचदा नुसती धार गेलेली असते. रविवारी बंद.

---

ऱ्हस्वदीर्घ

धाग्याच्या शीर्षकात 'ट्रान्स्फॉर्मेशन', सहा नंबरच्या बसच्या प्रतिसादात 'ट्रान्सफॉर्मर'. एकात 'स' अर्धा, एकात पूर्ण. एकच काहीतरी ठेवा, वाचणारे गोंधळतात.